शीतलची घरची शुगर

"राग मानू नका म्याडम, पण तुमची लॅब चुकून राह्यली."

राग मानू नका असं कुणी म्हटलं की मला हमखास राग येतो. बाहेर बसलेल्या पेशंटनी मोबाइल खाली ठेवले होते. वडीगोद्रीत लॅब चुकते ही बातमी हायवेवरच्या शेवटच्या टपरीपर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही. मी त्या दोघांना केबिनमध्ये घेतलं आणि दार लावलं.

बोलणारा होता माउली. शहागडच्या अलीकडे त्याची शेतवस्ती आहे, मोसंबीची चांगली मोठी बाग आहे. सोबत त्याची बायको शीतल होती. पहिलटकरीण, सातवा महिना लागलेला. सातव्या महिन्यातली बाई जशी भरलेली दिसते तशी ती दिसत नव्हती. गालफडं आत गेली होती आणि ती खुर्चीवर बसली ती पाठ टेकूनच. माउलीने पिशवीतून एक पांढरा खोका काढून टेबलावर ठेवला.

"हे मशीन घरी रोज दोनशे साठ, दोनशे सत्तर दाखवतंय. तुम्ही लिहून दिलं एकशे सहा. मंग आम्ही खरं काय धरायचं?"

प्रश्न रास्त होता, म्हणून राग जास्त आला.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. म्हणजे रक्त, लघवी तपासून रिपोर्टवर सही करणारी डॉक्टर. गोळ्या आम्ही देत नाही, इंजेक्शन देत नाही. आमच्याकडून एक आकडा जातो आणि त्यावर दुसरा डॉक्टर उपचार ठरवतो. त्यामुळे आकडा चुकला तर आमच्याकडे दुसरं काही उरत नाही.

शीतलची शुगर मी दोनदा तपासली होती. गरोदर बाईला ग्लुकोजचं पाणी पाजतात, दोन तास बसवून ठेवतात आणि मग शिरेतून रक्त घेतात. आकडा एकशे चाळीसच्या आत असला की गरोदरपणातली शुगर नाही असं धरतात. तिचा दोन्ही वेळा आरामात आत होता. उपाशीपोटीची शुगर तर अगदी छान.

खोक्याची गोष्ट माउलीने सांगितली. त्याचा थोरला भाऊ पुण्यात नोकरीला आहे. आईवडिलांचं वय झालं, दरवेळी दवाखान्यात कशाला जायचं, म्हणून त्याने ऑनलाइन किट मागवून घरी पाठवलं. घरबसल्या तब्येत तपासा. शुगरचं मशीन, हिमोग्लोबिनच्या पट्ट्या, कोलेस्टेरॉलच्या वेगळ्या, बोटाला टोचायचं पेन, स्पिरिटचे बोळे. आल्या आल्या वस्तीवर जत्राच भरली. सकाळी चहाच्या आधी सगळ्या घराने बोटं पुढे केली. सगळ्यांचं सगळं बरं निघालं, शीतलचंही. इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

मग माउलीने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. गरोदर बाईची शुगर नुसती उपाशीपोटी बघून भागत नाही, जेवणानंतर दोन तासांनीही बघावी लागते. व्हिडिओ बरोबर होता. माउलीने दुसऱ्याच दिवशी बघितली तर दोनशे चव्वेचाळीस. त्या दिवसापासून तो रोज बघत होता आणि रोज असंच काहीतरी येत होतं.

त्या घरात पुढे काय झालं असेल ते शीतलकडे बघून कळत होतं. भात बंद. भाकरी अर्धी. दूध बिनसाखरेचं आणि तेही अर्धा कप. केळी बंद. बागेत राहून मोसंबी बंद. माउलीने घरात मोसंबी आणणंच थांबवलं, नजरेसमोर नको म्हणून. एवढं करूनही आकडा खाली येईना.

"तपासताना हात धुता का?" मी विचारलं.

"साबणानं धुती ती. वरून मी स्पिरिट लावतो. वाळू देतो. पहिला थेंब पुसून टाकतो, दुसरा घेतो. सगळं व्हिडिओत दाखवल्यावानी बराबर करतो म्याडम."

हेही बरोबर होतं. आमच्याकडे येणारी निम्मी माणसं पहिला थेंब पुसत नाहीत. त्याने मला बोलायला जागाच ठेवली नव्हती.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अंबडहून डॉक्टर मेघना, शीतलची स्त्रीरोगतज्ज्ञ. आम्ही जुन्या मैत्रिणी, त्यामुळे ती प्रस्तावना करत नाही.

"माउली तुझ्याकडे आलाय ना? मी त्या पोरीला इन्सुलिन सुरू करतेय."

"माझे दोन्ही रिपोर्ट नॉर्मल आहेत."

"तुझे दोन दिवसांचे. त्याच्या मोबाइलमध्ये महिन्याहून जास्तीचे आहेत. आणि कालच्या सोनोग्राफीत बाळाची वाढ मागे पडलीय. मी थांबू कशाच्या जोरावर?"

"तीन महिन्यांच्या सरासरीची टेस्ट केली होती, तीही चांगली आली."

"गरोदरपणात ती खालीच येते, तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. मेघनाच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. उपाशीपोटी चांगली आणि जेवल्यावर वाढलेली, गरोदरपणातली शुगर पुष्कळदा अशीच दिसते. पण एक गोष्ट मला खटकत होती. आईची शुगर वाढलेली असली की बाळ सहसा वजनदार होतं, आईची जास्तीची साखर त्याला मिळत राहते. हे बाळ बारीक का? आणि शुगर नसलेल्या बाईला इन्सुलिन टोचलं तर तिची शुगर एवढी खाली जाईल की ती जागच्या जागी कोसळेल, पोटातल्या बाळासकट. मी मेघनाकडे दोन दिवस मागितले. तिने दिले, पण दोनच, असं दोनदा बजावून.

आता कामाला लागणं भाग होतं. पहिला संशय मशीनवर. शीतलला घरी न्याहारी करून दोन तास होत आले होते, वेळही नेमकी साधली होती. मी तिच्या शिरेतून रक्त घेऊन आमच्या मोठ्या मशीनला लावलं आणि त्याच वेळी स्वतः तिच्या बोटाला टोचून माउलीच्या मशीनवर थेंब घेतला. आमचं मशीन म्हणालं नव्व्याण्णव, त्याचं म्हणालं एकशे सात. घरच्या मशीनमध्ये एवढा फरक चालतो. मशीन शहाणं होतं.

दुसरा संशय पट्ट्यांवर. या पट्ट्या उन्हात राहिल्या किंवा डबीचं झाकण उघडं राहिलं की भलतंच काही दाखवतात. पण आत्ता वापरलेली पट्टी त्याच डबीतली होती.

"इथं आलं की बराबर दाखवतंय," माउली स्वतःशीच म्हणाला. "घरी काय होऊन राह्यलंय मंग?"

तिसरी तपासणी लघवीची. रक्तात साखर फार झाली की ती लघवीत उतरते आणि गरोदर बाईची तर लवकर उतरते. माउलीच्या आकड्यांनुसार शीतलच्या लघवीत साखर सापडायलाच हवी होती. ती शून्य निघाली. पण दुसरं एक सापडलं, कीटोन. शरीराला पुरेसं खायला मिळालं नाही की ते स्वतःची चरबी जाळायला लागतं आणि त्याची राख म्हणजे हे कीटोन. साध्या भाषेत, बाई उपाशी होती. बाळ बारीक का, याचं उत्तर मला तिथेच मिळालं.

माउलीला मी मशीनच्या नव्या बॅटरी आणायच्या निमित्ताने बाहेर पाठवलं आणि शीतलला विचारलं, घरी तू नेमकं काय खातेस? तिने सांगितलं ते ऐकून माझं डोकं फिरलं. रोजंदारीवर मोसंबी तोडणारी बाईसुद्धा एका जेवणात तिच्या दुप्पट खाते. मी पुढचं विचारायच्या आत ती रडायला लागली.

"आत्याबाई म्हणतेत, मी चोरून खाते. आमटी-भाकरीवर एवढी शुगर येतच न्हाई म्हणतेत. माझी पेटी पण बघितली त्यांनी. मी काही खाल्लं न्हाई म्याडम, देवाची आण."

आत्याबाई म्हणजे तिची सासू. मला त्या बाईचा त्या क्षणी फार राग आला. पण खरं सांगायचं तर तिचा तर्क चुकीचा नव्हता. आकडा खरा मानला तर शीतल खोटं बोलत होती. दोन्ही खरं असू शकत नव्हतं आणि त्या घरात आकड्यावर कुणी शंका घेणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅब टेक्निशियनवर सोडून मी गाडी काढली आणि माउलीची वस्ती गाठली. चोरून खाणं असो की आणखी काही, जे घडत होतं ते त्या घरात घडत होतं, एवढं कळायला पॅथॉलॉजी शिकावी लागत नाही.

सासू ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मला बघून तिने पदर सावरला आणि पाणी आणलं. मी तिला सांगितलं, मी रोजची तपासणी बघायला आलेय, तुम्ही रोज करता तसंच करा. ती म्हणाली, ते सगळं माउलीच करतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. शीतलला टोचताना दुखू नये म्हणून त्याने आधी स्वतःच्या बोटांवर सराव केला होता. हे सांगताना तिच्या आवाजात कौतुक होतं आणि थोडी तक्रारही.

माउली बागेत होता. त्या दिवसांत फळगळ सुरू होती. फळगळ म्हणजे मोसंबी तयार व्हायच्या आधीच झाडाखाली पडत राहणं, आमच्याकडच्या बागायतदारांची दरवर्षीची डोकेदुखी. सकाळी बागेत जायचं, पडलेली फळं गोळा करायची आणि फोडून बघायची, आत कीड आहे की नुसतीच गळ आहे. त्यावर फवारणी ठरते. माउलीचा रोजचा दिवस असा सुरू व्हायचा. उजाडताच शीतलची उपाशीपोटी तपासणी, मग बाग, मग न्याहारीनंतरच्या दोन तासांचा मोबाइलवर अलार्म. अलार्म वाजला की हातातलं काम टाकून मोटरसायकलवर घरी. दोन तास म्हणजे दोन तास.

त्या दिवशीही तो तसाच आला. पँटला हात पुसत ओट्यावर चढला, मला नमस्कार केला आणि खोका उघडला. शीतल मोरीत जाऊन साबणाने हात धुऊन आली. मी तिच्या हातांकडे बघत होते, मोरीपासून ओट्यापर्यंत तिने कशालाही हात लावला नाही. माउलीने तिचं बोट धरलं, स्पिरिट लावलं, फुंकर न मारता वाळू दिलं. पेनने टोचलं. पहिला थेंब आला तो स्वतःच्या अंगठ्याने पुसला. मग अंगठ्यानेच बोट दाबून दुसरा थेंब काढला आणि पट्टीला लावला.

दोनशे एकाहत्तर.

सासूने तांदळाचं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. बघा, असं ती तोंडाने म्हणाली नाही. शीतलने मान खाली घातली. कबूल करते, एक क्षणभर मलाही वाटलं की आपलेच रिपोर्ट चुकले.

मग मी उठून मोरीत गेले, साबणाने हात धुतले आणि शीतलच्या दुसऱ्या हाताचं बोट घेतलं. तेच मशीन, तीच डबी. पहिला थेंब कापसाने पुसला, दुसरा घेतला. एकशे दोन.

माउलीने मशीन हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं.

"आता माझी शुगर बघा," मी त्याला म्हटलं. "तिची बघता तशीच. काही बदलू नका."

तो गोंधळला, पण त्याने केलं. माझं बोट पुसलं, टोचलं, अंगठ्याने थेंब पुसला, दाबलं, पट्टी लावली. दोनशे चौतीस. मी सकाळपासून बिनसाखरेच्या चहावर होते. मला डायबेटीस नाही आणि तो त्या ओट्यावर बसल्या बसल्या होणं शक्य नव्हतं.

"अंगठा दाखवा."

त्याने दाखवला. मी त्याचा हात नाकाजवळ नेला आणि माझं मलाच हसू आलं. मोसंबी. नखाच्या कडेला पिवळट चिकट थर वाळलेला होता. पडलेलं फळ हे लोक चाकूने कापत बसत नाहीत, देठाशी अंगठा खुपसून फोडतात. सकाळपासून त्याने पाटीभर फळं फोडली असतील. रस म्हणजे साखरेचं पाणीच. मशीनला लागतो तो थेंब मोहरीएवढा, त्यात अंगठ्यावरची कणभर साखर मिसळली की आकडा कुठल्या कुठे जातो. उजाडतानाची तपासणी चांगली यायची, कारण तेव्हा तो बागेत गेलेला नसायचा. लॅबमध्ये चांगली यायची, कारण तिथे टोचणारे हात माझे होते. शीतल बिचारी रोज साबणाने हात धुवत होती. पुसणारा आणि दाबणारा अंगठा मात्र माउलीचा होता.

मी त्याला हात धुवायला पाठवलं आणि पुन्हा माझी शुगर बघायला लावली. चौऱ्याण्णव. मग शीतलची. शंभरच्या आसपास.

मी सासूला नीट समजावून सांगितलं, दोनदा. ती सून काय म्हणते ते ऐकत नव्हती, पण मोसंबीच्या रसाचं तिला लगेच पटलं. तिचा सगळा जन्म त्या चिकट हातांच्या माणसांत गेला होता.

शीतलने मला विचारलं, "मंग आता मी जेवू का?"

तीस वर्षं मी आकड्यांच्या मागची माणसं बघत आले, पण पोटभर जेवायची परवानगी माझ्याकडे कुणी मागितली नव्हती. मी म्हटलं, जेव, आणि पोटभर जेव.

सासू उठून चुलीपाशी गेली. मला वाटत होतं ती सुनेला काहीतरी म्हणेल, चुकलं वगैरे. तसं काही झालं नाही. तिने ताटात अख्खी भाकरी घेतली, वर तूप घातलं, दुसरी भाकरी तव्यावर टाकली आणि ताट शीतलपुढे आणून ठेवलं. शीतलने ताटाला हात लावायच्या आधी तिच्याकडे बघून सांगितलं, "आत्याबाई, मी खरंच चोरून खाल्लं न्हवतं."

"खा आता," सासू म्हणाली आणि तिथेच तिच्याजवळ बसली.

माउली अजून मोरीतच होता. नळ चालू होता. हात केव्हाच स्वच्छ झाले असतील, तरी तो साबण लावत होता. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. मला सोडायला गाडीपर्यंत आला आणि म्हणाला, "महिनाभर उपाशी ठेवलं म्याडम मी तिला. अलार्म लावून लावून." अलार्म लावणारा नवरा आमच्याकडे रोज बघायला मिळत नाही. बाळ सावरेल, असं मी म्हटलं आणि ते खरं ठरावं अशी मनातल्या मनात प्रार्थना करत गाडी हायवेला लावली.

रस्त्यातूनच मेघनाला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या दवाखान्यात तिचं इन्सुलिन लिहून तयार होतं गं." तिने ते रद्द केलं, शीतलला प्रोटीन पावडर दिली, दर पंधरवड्याला सोनोग्राफी ठेवली. पुढच्या सोनोग्राफीत बाळ थोडं सावरलेलं होतं, त्याच्या पुढच्या वेळी चांगलंच. बाळंतपण अंबडलाच झालं. मुलगी झाली, वजन अडीच किलोच्या वर. मेघनाने वजनाचा आकडा मला मेसेज केला, बाकी काही लिहिलं नाही. मी तो तीन वेळा वाचला.

आता लोक विचारतात, म्याडम, घरी किट घ्यावं का? घ्या. मशीन वाईट नसतात. ज्याच्या बोटाला टोचायचं त्याचे हात धुवा आणि जो टोचतो त्याचेही धुवा. थेंब कापसाने पुसा. घरच्या आकड्यावर कुणाचं जेवण तोडू नका, औषध सुरू करू नका, आधी लॅबमधून एकदा पडताळून घ्या. हे सगळं खोक्यातल्या कागदावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. टोचणाऱ्याच्या अंगठ्याचं तेवढं नसतं.

आणि आकडा एक सांगत असेल आणि माणूस दुसरंच, तर चौकशी आधी आकड्याची करा. त्या घरात महिनाभर शीतलची झाली. तिचं ताट तपासलं, पेटी तपासली, बोलणं तपासलं. ती पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती.